चित्राचा केसपेपर : रुग्णालयासाठी रंगवलेले वेदीचित्र कसे पाहावे आणि कसे शिकवावे

पॅथॉलॉजीच्या वर्गात मी इसेनहाइमचे वेदीचित्र (चर्चच्या वेदीवरचे, दारांनी उघडणारे चित्र) पहिल्यांदा पडद्यावर दाखवले, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने क्रुसावरील येशूच्या शरीराकडे पाहून मिनिटभरात 'कावीळ' असे निदान केले आणि निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. मी दाखवत असलेले छायाचित्र जुने होते. त्यात पिवळी दिसत होती ती कातडी नव्हती, तिच्यावर नंतरच्या काळात चढवलेली व्हार्निशची पुटे होती. आमच्या प्रोजेक्टरचा दिवाही म्हातारा झाला होता, त्यामुळे त्या पिवळेपणात त्याचीही भर पडली होती. चूक विद्यार्थिनीची नव्हती. रुग्णाचे नाव-गाव न सांगता आणि आधीच्या उपचारांची माहिती न देता तिला थेट तपासायला बसवले ते मी. त्या तासानंतर मी एक क्रम ठरवून घेतला आणि तो आजवर मोडलेला नाही. आधी चित्र कुठे होते ते पाहायचे, मग ते कसे उघडत असे ते समजून घ्यायचे, त्यानंतर काही वेळ नुसते पाहायचे, नंतर रंगाचे निदान करायचे आणि रोगाचे नाव सर्वांत शेवटी घ्यायचे. वैद्यकीय किंवा परिचर्या महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना, तसेच कलेच्या विद्यार्थ्यांना तो क्रम उपयोगी पडावा म्हणून येथे सविस्तर मांडतो आहे.

उदाहरणासाठी एकच चित्र धरले आहे, कारण पंधरा चित्रे पंधरा मिनिटांत दाखवणारे तास मी पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांतून विद्यार्थ्यांच्या हाती काहीही लागत नाही.

नाव-गाव

केसपेपर जसा नाव, वय आणि पत्ता यांनी सुरू होतो तसाच येथेही करावा. चित्रकार मातियास ग्र्युनेवाल्ड. काळ १५१२ ते १५१६. ठिकाण अल्सास प्रांतातील इसेनहाइम हे गाव, जे आज फ्रान्समध्ये आहे. तेथे अँथनाइन संघाचा मठ होता आणि त्याच्या गीदो ग्वेर्सी नावाच्या प्रमुखाने हे काम करवून घेतले. आतल्या कपाटातील लाकडी मूर्ती त्याआधीच्या, हागेनाउच्या निकोलसने कोरलेल्या आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत हे सर्व कोल्मारला हलवले गेले आणि १८५३ पासून ते तेथील उंटरलिंडेन संग्रहालयात, म्हणजे एका जुन्या डोमिनिकन मठाच्या वास्तूत, आहे.

यातला कळीचा शब्द 'अँथनाइन' हा आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दोफिने प्रांतात उभा राहिलेला हा संघ एका विशिष्ट रोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करण्यासाठी ओळखला जाई. हातापायांची असह्य आग होणे, मग ते काळे पडून वाळणे आणि अखेर झडणे, अशा त्या रोगाला लोक 'संत अँथनीची आग' म्हणत. संघाच्या रुग्णालयांत रुग्णांना चांगल्या धान्याची भाकरी आणि डुकराचे मांस मिळे, वनस्पतींचे लेप लावले जात, संतांच्या अवशेषांवरून ओतलेला द्राक्षरस तीर्थासारखा दिला जाई आणि जो अवयव वाचण्यापलीकडे गेला असेल तो शल्यकार कापून टाकत. स्ट्रासबर्गचा शल्यकार हान्स फॉन गेर्सडोर्फ याने १५१७ मध्ये छापलेल्या ग्रंथात पाय कापण्याचे एक प्रसिद्ध काष्ठचित्र आहे; त्यात मागे उभ्या असलेल्या, एक हात गमावलेल्या माणसाच्या अंगावर अँथनाइनांची टी-आकाराची खूण दिसते. ते काष्ठचित्र आणि आपले वेदीचित्र एकाच प्रदेशातले असून त्यांत जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. वर्गात दोन्ही शेजारी-शेजारी दाखवावीत.

येथे एक गोंधळ आधीच निस्तरून घ्यावा. वसई किंवा गोव्यातील विद्यार्थी वर्गात असतील, तर 'संत अँथनी' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बाळ येशूला कडेवर घेतलेले, हातात लिलीचे फूल असलेले पादुआचे संत अँथनी येतात. हे ते नव्हेत. हे त्यांच्या कितीतरी शतके आधी इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासात राहिलेले संत, दाढीधारी, हातात टी-आकाराची काठी घेतलेले. एकदा एका विद्यार्थ्याने अर्धा तास लिलीचे फूल शोधले होते.

जागेचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. चित्र रुग्णालयाचे होते असे म्हणताना ते रुग्णालयात नेमके कुठे होते हे विचारावे लागते. इसेनहाइमचे चित्र मठाच्या चर्चमधील मुख्य वेदीवर होते. रुग्णांना तेथे आणले जाई असे अभ्यासक मानतात, परंतु खाटेवर पडल्या-पडल्या ते दिसत नसे. याउलट फ्रान्समधीलच बोन या गावी निकोला रोलँ यांनी १४४३ मध्ये स्थापन केलेल्या रुग्णालयात गरिबांच्या लांबलचक वॉर्डाच्या टोकालाच प्रार्थनास्थळ होते, आणि तेथील रोगिए व्हान डर वेडेन यांचे 'अंतिम न्याया'चे चित्र सणवारी उघडले की ते खाटांच्या दिशेलाच उघडे. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला समोर तराजू घेतलेला देवदूत दिसत असे. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओवा रुग्णालयाचे, ह्यूगो व्हान डर गूस यांनी रंगवलेले आणि १४८३ मध्ये तेथे पोहोचलेले चित्र पुन्हा निराळे, कारण ते रुग्णालयाला जोडलेल्या चर्चमध्ये होते. तिन्ही ठिकाणी पाहणारा आणि चित्र यांच्यातले अंतर वेगळे आहे, आणि त्या अंतरानुसार चित्राचे कामही बदलते. विद्यार्थ्यांकडून फळ्यावर वॉर्डाचा साधा नकाशा काढून घेतला की हे दोन मिनिटांत उमगते.

पुठ्ठ्याची प्रतिकृती

वेदीचित्र म्हणजे भिंतीवरची तसबीर नव्हे; ते दारे असलेले कपाट आहे. पडद्यावर एकामागून एक स्लाइड दाखवल्याने ही गोष्ट कळत नाही, म्हणून हाताने उघडता येईल अशी प्रतिकृती करावी. त्यासाठी जाड पुठ्ठा, दोन्ही बाजूंनी छापलेले चार कागद, न उघडणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांसाठी दोन कागद, मूर्तींचे एक छायाचित्र आणि बिजागरीसाठी कापडी चिकटपट्टी एवढे पुरते.

बाहेरच्या दोन दारांच्या पुढच्या अंगावर क्रुसारोहणाचे दोन भाग येतात. डाव्या दाराच्या मागे देवदूत मरियेला संदेश देतो तो प्रसंग आणि उजव्या दाराच्या मागे पुनरुत्थान छापावे. त्यांच्या आतल्या दारांवर पुढून डावीकडे देवदूतांचे वादन आणि उजवीकडे बाळाला घेतलेली मरिया असते. मागून डावीकडे संत अँथनी संत पौल एकांतवासी यांना भेटतात तो प्रसंग आणि उजवीकडे संत अँथनींचा राक्षसांनी केलेला छळ. अगदी आत संत अँथनींची बैठी मूर्ती. सर्व बंद असताना दोन्ही बाजूंच्या स्थिर पट्ट्यांवर, सध्याच्या मांडणीनुसार, डावीकडे संत सेबॅस्टियन आणि उजवीकडे संत अँथनी दिसतात. पहिला प्लेगमध्ये आठवला जाणारा संत, दुसरा या आगीचा. म्हणजे बंद कपाटही त्या घरात कोणते रुग्ण येतात हे सांगून मोकळे होते.

दारे उघडू लागा आणि क्रुसाकडे लक्ष ठेवा. क्रूस फळ्यांच्या मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला आहे, त्यामुळे दारांमधली फट येशूच्या धडातून जात नाही. परंतु दारे उघडताच त्याचा एक हात धडापासून वेगळा होतो. खाली येशूचे शव उतरवल्याचे जे आडवे चित्र आहे, त्याच्या सरकत्या फळ्या बाजूला केल्या की पाय तुटतात. काही कला-इतिहासकारांना यात अवयव गमावलेल्या रुग्णांशी साधलेली जवळीक दिसते. चित्रकाराच्या मनात ते होतेच असे मी वर्गात ठामपणे सांगत नाही. मात्र प्रतिकृती हाताळणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या जागी क्षणभर थबकतो हे मी पाहिले आहे.

दहा मिनिटे गप्प

आता बंद अवस्थेतले मोठे चित्र समोर ठेवावे. मूळ चित्र सुमारे २.७ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद आहे, तेव्हा निदान मोठ्या भित्तिपत्रकाच्या आकाराची छपाई घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावर हा भाग करू नये. नियम एकच ठेवावा: दिसते ते सांगायचे, पण रोगाचे नाव किंवा भावनेचे नाव घ्यायचे नाही. 'वेदना' म्हणायचे नाही. 'बोटे ताणून फाकलेली आहेत, तळहातातून खिळा गेला आहे आणि बोटे वर वळली आहेत' असे म्हणायचे. 'जखमा' एवढ्याने भागत नाही. किती, कुठे, आकार कसा, कडा कशा, आत काही रुतलेले आहे काय, हे सांगायचे. एवढे काटेकोर झाले की कुणीतरी हमखास लक्षात आणून देते की काटे केवळ मस्तकावर नाहीत, ते साऱ्या अंगात मोडून राहिले आहेत. ओठांचा रंग, कमरेच्या वस्त्राच्या चिंध्या, पायाच्या पंजाची सूज, अंगठ्याकडे ओघळलेले रक्त, हे सर्व क्रमाने येते.

ही काही माझी युक्ती नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन आणि तेथील ब्रिटिश कलासंग्रहालयातील लिंडा फ्रीडलेंडर यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांपुढे उभे करून निरीक्षण शिकवण्याचा उपक्रम चालवला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि चित्रांवर सराव केलेले विद्यार्थी रुग्णांच्या छायाचित्रांतही अधिक तपशील टिपतात असे त्यांत आढळले. आपल्याकडे २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांसाठी 'एटकॉम' हा वेगळा भाग आहे. त्याचे तास कसे भरावेत या विवंचनेत असलेल्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

एक सावधगिरी बाळगावी. हे भक्तीचे चित्र आहे. वर्गात ख्रिस्ती विद्यार्थी असले वा नसले तरी येशूच्या देहाविषयी बोलताना शवविच्छेदनगृहातली भाषा वापरू नये. तपासणी करणे आणि अनादर करणे यांतला फरक आपण मृतदेहापुढे पाळतोच. तोच येथे पाळायचा आहे.

रोगाआधी रंग

या पायरीवर मी सर्वाधिक वेळ घालवतो, आणि बहुतेक तासांत नेमकी तीच गाळली जाते. पाचशे वर्षांचे चित्र म्हणजे पाचशे वर्षांचा रुग्ण. त्याच्या अंगावर जे दिसते त्यात मूळ प्रकृती किती, वार्धक्य किती आणि आधीच्या डॉक्टरांचे प्रताप किती, हे वेगळे केल्याशिवाय निदान करता येत नाही.

वार्धक्यापासून सुरुवात करावी. व्हार्निश काळानुसार पिवळे आणि मग तपकिरी होते. निळ्यावर पिवळे पुट चढले की हिरवे दिसते, पांढऱ्यावर चढले की कावीळ दिसते. तांब्यापासून केलेला हिरवा रंग पुष्कळदा तपकिरी पडतो. वनस्पती किंवा किड्यांपासून काढलेला पारदर्शक तांबडा रंग प्रकाशाने उडतो, त्यामुळे गालावरची लाली जाऊन चेहरा पांढराफटक होतो आणि आपण त्याला रक्तक्षय म्हणून मोकळे होतो. तेलातला शिशाचा पांढरा रंग तेलातील मेदाम्लांशी संयोग पावून साबणासारखी संयुगे तयार करतो आणि हळूहळू पारदर्शक होतो, म्हणून खालचे रेखाटन वर डोकावू लागते. या चार गोष्टी फळ्यावर लिहून ठेवाव्यात आणि 'त्वचेचा रंग' हा शब्द कोणी उच्चारला की त्यांकडे बोट दाखवावे.

इसेनहाइमच्या चित्राबाबत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २०१८ ते २०२२ या काळात फ्रान्समधील संग्रहालयांच्या संशोधन व संवर्धन केंद्राच्या सहभागाने त्याचे मोठे संवर्धन झाले. जुनी व्हार्निशे पातळ केली गेली, मूर्तींवरचे नंतरचे रंगलेपन काढले गेले. वर्षानुवर्षे पुस्तकांत काळेकुट्ट छापले गेलेले क्रुसामागचे आकाश त्यानंतर रात्रीच्या निळसर छटांसह दिसू लागले. म्हणून पहिला व्यावहारिक नियम असा, की प्रतिमा उतरवून घेताना छायाचित्राचे वर्ष पाहावे आणि २०२२ नंतरचेच घ्यावे. जुनी प्रतिमा हाताशी असेल तर ती फेकू नये, दोन्ही शेजारी ठेवून 'उपचारांपूर्वी' आणि 'उपचारांनंतर' असे लिहावे. मी तसे करतो, आणि कावीळ आता दरवर्षी जुन्या छायाचित्रालाच होते.

पुढे तपासण्या. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा भाग फार लवकर समजतो, कारण यंत्रे त्यांच्याच ओळखीची आहेत. रॉन्टगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लावला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत चित्राचा एक्स-रे काढून झाला होता. शिसे क्ष-किरण अडवते, म्हणून शिशाच्या पांढऱ्या रंगाचे फटकारे हाडांसारखे उजळ दिसतात. चित्रकाराने मध्येच मन बदलून हात सरकवला असेल तर जुना हात तेथे सापडतो. अतिनील प्रकाशात जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि नंतरची दुरुस्ती काळ्या डागांसारखी उठून दिसते. इन्फ्रारेड किरण रंगाच्या थरांतून आत शिरतात आणि खालच्या अस्तरावरचे कोळशाचे वा काळ्या शाईचे रेखाटन दाखवतात. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील व्हान आस्पेरेन द बूर यांनी हे तंत्र रूढ केले.

क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे एक्सआरएफ, हे यंत्र मूलद्रव्य सांगते आणि तेथे विद्यार्थी फसतात. पारा सापडला तर तो तांबडा हिंगूळ आहे असे बऱ्यापैकी विश्वासाने म्हणता येते. परंतु तांबे सापडले, तर तो निळा अझुराइट आहे, हिरवा मॅलेकाइट आहे की जंगाल (तांब्याच्या गंजाचा हिरवा रंग), हे त्यावरून ठरत नाही. शिसे सापडले तर ते पांढऱ्यातले की कथिलमिश्रित पिवळ्यातले, हेही कळत नाही. सेंद्रिय तांबडा रंग तर या यंत्राला जवळजवळ दिसतच नाही. रक्तात लोह कमी आहे एवढ्या अहवालावर जसे आपण रुग्णाला घरी पाठवत नाही, तसेच येथेही एका अहवालावर थांबू नये.

आणि मग बायोप्सी. माझा जीव या भागात रमतो हे कबूल करतो. संवर्धक चित्राच्या कडेवरून किंवा आधीच्या तड्यावरून डोळ्यांना जेमतेम दिसेल असा कण उचलतो, तो रेझिनच्या ठोकळ्यात बसवतो, घासून गुळगुळीत करतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. आम्ही मेणाचा ब्लॉक करतो, ते रेझिनचा करतात; फरक एवढाच. उत्तर युरोपातील त्या काळच्या फळीचा छेद साधारण असा दिसतो : सर्वांत खाली खडू आणि सरस यांचे जाड पांढरे अस्तर, इटलीत त्याच जागी बहुधा जिप्सम, त्यावर रेखाटनाची एखादी काळी कणदार रेघ, मग शिशाच्या पांढऱ्याचा पातळ थर, त्यावर निळ्या स्फटिकांचा खडबडीत थर, ज्यात प्रत्येक कण सुटा मोजता येतो, आणि सर्वांत वर व्हार्निश, कधी एकच पट्टा, कधी तीन, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये धुळीची काळी रेषा. ती धुळीची रेषा दिसली की वरचा थर नंतरचा आहे हे सिद्ध होते. त्वचेच्या छेदात थर मोजायला शिकलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही, तो आपोआप मोजू लागतो.

लाकडाचे वय वर्तुळांवरून काढण्याची पद्धत ओकच्या फळ्यांना उत्तम लागू पडते. इसेनहाइमच्या फळ्या लिंडनच्या आहेत आणि त्या लाकडाला ही पद्धत फारशी मानवत नाही, तेव्हा तो भाग येथे सोडून द्यावा. बोनच्या चित्राचा केसपेपर मात्र एका वेगळ्या कारणासाठी वाचावा : एकोणिसाव्या शतकात त्यातल्या नग्न आकृत्यांना कपडे रंगवले गेले, मग ते काढले गेले, आणि दोन्ही बाजू एकदम दाखवता याव्यात म्हणून फळ्या जाडीतून चिरल्या गेल्या. ते चिरणे आजच्या कुठल्याही नीतिसमितीपुढे टिकले नसते.

आता रोग

एवढे झाल्यावर आतले दार उघडावे आणि संत अँथनींच्या छळाच्या चित्रातील डाव्या खालच्या कोपऱ्यात बसलेल्या आकृतीकडे वळावे. फुगलेले पोट, राखाडी-हिरवट कातडी, तिच्यावर ठिकठिकाणी फोड, वर उचललेला थोटका हात, डोक्यावर तांबडी टोपी. विद्यार्थी येथे 'अरगटबाधा', म्हणजे धान्यावरच्या बुरशीने होणारी तीच संत अँथनीची आग, म्हणायला टपलेले असतात, कारण मठाचा इतिहास त्यांना आता ठाऊक आहे. त्यांना पायांकडे पाहायला सांगावे. बोटांमध्ये बेडकासारखा पडदा आहे. ही आकृती अर्धी रुग्ण आणि अर्धी राक्षस आहे. अरगटाने होणारे गँगरीन कोरडे आणि काळे असते, येथे तर सूज आणि पुवाळलेले फोड आहेत. कोणी उपदंश म्हटले आहे, कोणी आणखी काही. माझे मत असे, की चित्रकाराने आवारात दिसणाऱ्या अनेक देहांतून एक देह रचला. त्याला एकच नाव देणे म्हणजे चित्राला केसशीट समजणे होय. पर्यायी निदानांची यादी करावी आणि ती उघडीच ठेवावी.

रोगाचे कारण मात्र पक्के सांगता येते. राय नावाच्या धान्याच्या कणसात क्लॅव्हिसेप्स परपुरिया ही बुरशी दाण्याच्या जागी काळपट, शिंगासारखी गाठ तयार करते; तिलाच अरगट म्हणतात. ती दळली जाऊन भाकरीत गेली की तिच्यातील अल्कलॉइड नावाच्या विषारी द्रव्यांमुळे धमन्या आकसतात, रक्त पोहोचत नाही आणि हातपाय आधी जळतात, मग वाळतात. मठात आल्यावर रुग्णाला स्वच्छ धान्याची भाकरी मिळू लागे, म्हणजे नकळत विषच बंद होई. संतांच्या कृपेने बरे वाटले असे त्याने म्हटले तर त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. संत पौलांच्या भेटीच्या चित्रात पायाशी वनस्पती इतक्या नेमक्या रंगवल्या आहेत की वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांतल्या बऱ्याच ओळखल्या. इसबगोलाच्या कुळातली प्लँटेन आणि खसखशीच्या कुळातले झाड त्यांत आहे. त्या काळच्या औषधसंग्रहाची ती रंगीत यादीच म्हणावी.

महाराष्ट्रातल्या वर्गात येथे थोडे थांबावे, कारण 'अरगट' हा शब्द शेतकरी कुटुंबातून आलेल्या मुलांना आपल्यापेक्षा आधी माहीत असतो. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकट द्रव येतो आणि मग दाण्याजागी गडद गाठी धरतात. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे टाकायचे, वर तरंगणाऱ्या गाठी व हलके बी काढून टाकायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे, ही शिफारस गावोगावी पोहोचलेली आहे. ही बुरशी त्याच कुळातली पण जात वेगळी, क्लॅव्हिसेप्स फ्युसिफॉर्मिस. तिचे अल्कलॉइडही वेगळे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तत्कालीन मुंबई राज्याच्या काही भागांत बाजरीतून अशी विषबाधा झाल्याची नोंद आहे, तिच्यात मळमळ, उलट्या आणि भोवळ होती. हातपाय झडले नाहीत. एकाच कुळातली बुरशी दोन ठिकाणी दोन रोग करते, हे ध्यानात आल्यावर विद्यार्थी युरोपातले वर्णन इथल्या रुग्णाला आणि इथले तिथल्या चित्राला चिकटवायचे थांबतात.

प्रसूतिकक्षातल्या फ्रिजचा उल्लेखही येथेच करावा. आर्थर स्टोल यांनी १९१८ मध्ये अरगटातून अर्गोटामिन वेगळे केले, १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन हाती आले, आणि त्याचेच भावंड असलेल्या मिथाइलअर्गोमेट्रिनची इंजेक्शने २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवून, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी आज वापरली जातात. रक्तदाब वाढलेल्या बाईला ते देऊ नये असे प्रत्येक परिचारिकेला पाठ असते. का, ते या चित्रापुढे उभे राहून विचारावे. रक्तवाहिन्या आवळणारी तीच शक्ती आहे.

त्यानंतर पुनरुत्थानाचे चित्र दाखवावे आणि केवळ एवढेच विचारावे, की हाच देह पहिल्या चित्रात होता, तर आता काय नाही? फोड नाहीत, काटे नाहीत; खिळ्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आहेत. शेजारच्या बाळ येशूच्या चित्रात लाकडी टब आहे, त्यावर पंचा टाकलेला आहे, पाळणा आहे, शौचाचे भांडे आहे, आणि बाळाभोवतीचे वस्त्र क्रुसावरच्या वस्त्राइतकेच फाटके आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनी ते भांडे सर्वांआधी पाहतात. कला शिकलेल्यांना ते बहुधा दिसतच नाही.

वॉर्डात लावावे काय?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि माझे उत्तर नकारार्थी असते. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांची, विटांची भिंत दिसणाऱ्यांशी तुलना केली होती. झाडे पाहणारे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णसंख्या लहान होती, तरीही खाटेवरून काय दिसते याने फरक पडतो हे म्हणण्याइतका आधार त्यातून मिळतो. इसेनहाइमच्या रुग्णाला ते चित्र एकटे दिसत नव्हते. त्यासोबत प्रार्थना होती, भाकरी होती, लेप होता, त्याच आगीत होरपळलेले सोबती होते, आणि चित्राची पुढची पाने सणाला उघडणार हे त्याला ठाऊक होते. केमोथेरपीच्या खोलीत त्यातले फक्त क्रुसारोहण छापून लावणे म्हणजे औषधाच्या चिठ्ठीतली एकच ओळ फाडून रुग्णाच्या हाती देणे. छळाच्या चित्रात खाली उजवीकडे एक कागद रंगवला आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, 'तू कुठे होतास, दयाळू येशू, कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला तू का आला नाहीस?' हे वाक्य वर्गात मोठ्याने वाचावे. वॉर्डात ते आपल्याला रोजच ऐकू येते. तेथे ते भिंतीवर लावायची गरज नाही.

कोल्मारला जाणे झाले तर

स्ट्रासबर्गहून रेल्वेने कोल्मार अर्ध्या तासाच्या आसपास आहे. संग्रहालयात फळ्या सुट्या करून एकामागे एक मांडल्या आहेत, त्यामुळे पाच मिनिटांत पुढून मागे चालत जाऊन तिन्ही अवस्था पाहून होतात, जे १५१६ मध्ये कोणाही रुग्णाला शक्य नव्हते. दारे कशी उघडत ते दाखवणाऱ्या लहान प्रतिकृती भिंतीवर आहेत. त्या आधी पाहाव्यात. मग क्रुसारोहणापुढे घड्याळ लावून वीस मिनिटे थांबावे, वही काढून दिसते तेवढेच लिहावे, आणि तोवर मागे काय आहे ते पाहायला जाऊ नये.